बापाचा ब्लूज, पोराचा रॅप: वारसा बुडवला की पुढे नेला?

उलटा_ठेका

परवा ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या संगीताच्या, वारसदारांवर चर्चा चालली होती. तिथे एकाने लिहिलं, "टॅबी थॉमसने लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजमध्ये ब्लूज जगवला आणि पोराने, क्रिस थॉमस किंगने, त्यात रॅप कालवून तो मारला. अशी दुसरी पिढी असण्यापेक्षा नसलेली बरी." त्यावर वाहवा झाली. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

हा पोरगा ब्लूज बाहेरून शिकलेला नाही. जन्म १९६२ चा. वडिलांचं 'हूडू पार्टी' साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक्सेलो कंपनीने काढलं, लुइझियानाच्या त्या दलदली ब्लूजमधलं नावाजलेलं गाणं. पुढे वडिलांनी स्वतःचा क्लब काढला, टॅबीज ब्लूज बॉक्स. क्रिस त्या क्लबात वडिलांच्या मागे गिटार घेऊन उभा राहत मोठा झाला. त्याचा पहिला अल्बम १९८६ मध्ये अरहूलीने काढला. ती कंपनी गावोगाव हिंडून अस्सल लोकसंगीत ध्वनिमुद्रित करणारी. म्हणजे परंपरेची परीक्षा तो तेव्हाच पास झाला होता.

मग १९९५ मध्ये 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी ब्लूज... फ्रॉम दा हूड' आला. गिटार, सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधले उचललेले तुकडे), रॅप, सगळं एकत्र. ब्लूजच्या रसिकांच्या पचनी पडला नाही. आणि २००० मध्ये काय झालं? 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटात याच माणसाला तीसच्या दशकातले कपडे घालून, हातात साधी गिटार देऊन शेकोटीपाशी बसवलं. त्याने जुन्या ब्लूज गायक स्किप जेम्सचं १९३१ चं गाणं म्हटलं. त्या चित्रपटाच्या गाण्यांच्या अल्बमला २००२ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. गळा तोच, बोटं तीच. मेलेल्या माणसाचं गाणं गायला तेव्हा अस्सल, आणि स्वतःच्या गल्लीतलं गायला तेव्हा खुनी? मला हे सहन होत नाही.

नामवंत ब्लूज गायक मडी वॉटर्सचं आठवा. १९५८ मध्ये इंग्लंडला गेला तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन. तिथल्या लोकांना शेतावरचा ब्लूज हवा होता, त्यांचे कान किटले. १९६३ मध्ये तो शहाणा होऊन साधी गिटार घेऊन गेला, तर तोवर लोकांना इलेक्ट्रिक हवी झालेली! श्रोत्यांच्या तालावर नाचायचं तर कलावंताने नेमकं कोणत्या सालातलं व्हायचं?

जुनी_तबकडी

ते वाक्य माझंच होतं. मागे घेत नाही.

कपड्यांचा आणि सालाचा मुद्दा तुम्ही आणलात. माझा मुद्दा वेळेचा आहे. जॉन ली हूकर किंवा लाइटनिन हॉपकिन्स हे जुने ब्लूजवाले ऐका. बारा बारचा (तालाच्या बारा सारख्या तुकड्यांचा) साचा कागदावर आहे, पण ते कधी साडेअकरात वळतात, कधी तेरापर्यंत ताणतात. शब्द संपला की वळायचं, श्वास संपला की वळायचं. साथीदाराला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागतं. हाच ब्लूजचा प्राण आहे. ड्रम मशीनचा लूप, म्हणजे तोच तोच फिरत राहणारा ठेका, कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. गाणारा यंत्राचा नोकर होतो. चाळीस वर्षं मी हे संगीत ऐकतोय, मला नव्याचं वावडं नाही, पण जे मरतंय ते मला ऐकू येतं.

आणि जपूनही पुढे जाता येतं. सेड्रिक बर्नसाइड बघा. आजोबा आर. एल. बर्नसाइड यांच्याकडून उत्तर मिसिसिपीतल्या टेकड्यांवरचा ब्लूज घेतला, एकाच सुराभोवती घोटत राहणारा. २०२२ मध्ये पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी मिळवलं. रॅपची गरज पडली नाही.

डोंगरउतार

तबकडीराव, चुकीचा माणूस निवडलात. सेड्रिकच्या त्याच आजोबांनी १९९६ मध्ये जॉन स्पेन्सरच्या पंक रॉक मंडळींबरोबर अल्बम केला आणि १९९८ च्या अल्बममध्ये तर त्यांच्या गाण्यांवर लूप चढवलेले आहेत. तेव्हा ते सत्तरीत होते. इथे नातू जुनं जपतोय आणि आजोबा पुढे गेलेत. सेड्रिक पोरवयात त्यांच्याच मागे ड्रम वाजवत दौरे करायचा. तुमचं "पिढी बिघडली" हे गणित इथे उलटं बसतं.

जुनी_तबकडी

ते अल्बम मला माहीत आहेत. तरुण गिऱ्हाईक मिळावं म्हणून कंपनीने केलेला उद्योग होता तो. म्हाताऱ्याच्या घरात पैसा आला, त्याचा मला आनंद आहे. पण अंगणात खुर्चीवर बसून, पाय आपटत वाजवलेलं त्यांचं रेकॉर्डिंग त्याच्याशेजारी लावून ऐका, आणि मग बोला.

माजी_बॅटनरूजकर

मी २००१ ते २००३ बॅटन रूजला विद्यापीठात होतो. एका शनिवारी मित्र ब्लूज बॉक्सला घेऊन गेला. उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. टेबलांवर बहुतेक आम्ही, म्हणजे कॉलेजची पोरं, निम्मी तर अमेरिकेबाहेरून आलेली. परत येताना सिग्नलला थांबलो तर शेजारच्या गाडीतून जुवेनाइल हा रॅपर इतक्या जोरात वाजत होता की आमच्या काचा हादरल्या. गाडीत विशीतली चार काळी मुलं. ती ज्या गल्लीतली, क्रिसही त्याच गावचा. त्या मुलांशी बोलायचं तर तो कोणत्या भाषेत बोलणार होता? तेव्हा मी हा विचार केला नव्हता, आज उलटा_ठेका यांचं वाचून आला.

शिवाय हा माणूस इतिहासाला पाठ फिरवणारा नाही. २०२१ मध्ये त्याने अख्खं पुस्तक लिहिलं, ब्लूजचं मूळ मिसिसिपीच्या डेल्टात नसून न्यू ऑर्लिन्समध्ये आहे असं मांडणारं. पटो न पटो, वारसा बुडवणारा माणूस एवढी मेहनत घेत नाही.

बँडवाल्याचा_पोरगा

मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

माझे वडील सांगलीकडच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, मे महिन्याचं ऊन. वरात दारात पोचली की नवरा आत जायचा आणि बँडवाले मांडवाबाहेर. जेवण शेवटच्या पंगतीला, कधी तेही नाही. बारावी झाल्यावर मी हप्त्याने कॅसिओ घेतला. वडील चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. आई मधे निरोप द्यायची. पण पुढच्या लग्नसराईत सुपारी आली ती कॅसिओ आहे म्हणूनच, आणि त्याच पैशांत वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

दहा वर्षांनी एका कार्यक्रमात एक गृहस्थ मला म्हणाले, तुमच्यासारख्यांनी बँडची परंपरा मोडली. याच गृहस्थांनी मुलीच्या लग्नात वडिलांच्या बँडचे पाचशे रुपये कापून घेतले होते, पोरं उशिरा आली म्हणून. त्यांना परंपरा हवी होती, ती वाजवणारा माणूस नको होता. तबकडीकाका, तुमचं वाक्य वाचलं आणि मला तो माणूस दिसला. क्षमा करा, पण दिसला.

शांतता_पाहिजे

मग डीजेलाही परंपरा म्हणायचं का? गेल्या विसर्जनाला आमच्या गल्लीत रात्री बारापर्यंत स्पीकरच्या भिंती उभ्या होत्या. सासूबाईंना हृदयाचा त्रास, आम्ही त्यांना मागच्या खोलीत कानात कापूस घालून बसवलं. आधी बँड गेले, मग बेंजो आले, मग हे. प्रत्येक वेळी "काळाबरोबर चला" हेच ऐकवलं गेलं.

बँडवाल्याचा_पोरगा

वहिनी, तुमच्या घरी झालं ते वाईटच. पण बेंजोला डीजेच्या रांगेत बसवू नका. बेंजो पार्टीत आठ-दहा माणसं वाजवतात, ताशावाल्याच्या बोटांतून रक्त येतं. डीजेत एक माणूस पेन ड्राइव्ह लावतो. आमची निम्मी पोरं त्या डीजेनेच घरी बसवली. आम्हीच मार खाल्ला आणि आम्हालाच गुन्हेगार ठरवता.

जुनी_तबकडी

हेच तर मी म्हणतोय! पेन ड्राइव्हने माणूस घरी बसवला, तसं ड्रम मशीनने ड्रमवाला घरी बसवला. तुम्ही माझीच बाजू मांडताय आणि मला पैसे कापणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं करताय. मी आयुष्यात एकाही वाजवणाऱ्याचा पैसा बुडवलेला नाही. हे फार लागलं मला.

डोंगरउतार

लागलं असेल. पण "नसलेली बरी" हे तुम्ही एका जिवंत माणसाबद्दल लिहिलंत, ज्याने बापाच्या क्लबात तारुण्य घातलं. तेही कुणाला लागत असेल.

शांतता_पाहिजे

आणि डेसिबलचा नियम कागदावरच आहे, त्यावर कुणी बोलत नाही. तक्रार करायला गेलं की नाव विचारतात, दुसऱ्या दिवशी ते नाव मंडळाला माहीत!

उलटा_ठेका

वहिनी, त्यासाठी खरंच वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. इथे प्रश्न एवढाच आहे: लूप लावणारा हात कुणाचा? क्रिसने स्वतः वाजवलं, स्वतः गायलं आणि वर लूप घेतला. माणूस हटवून यंत्र आणणं आणि माणसाने यंत्र हाती घेणं यांत फरक आहे. तबकडीराव, १९९५ चा तो अल्बम तुम्ही पूर्ण ऐकलाय का? सरळ विचारतो.

जुनी_तबकडी

नव्हता ऐकला. तेव्हा दुकानात दोन गाणी ऐकून ठेवून दिला होता. काल रात्री बसून शेवटपर्यंत ऐकला.

ड्रम मशीन मला आजही नको. त्यावर माझं मत तसूभर बदललेलं नाही, श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही ते. पण गिटार बापाच्या मागे उभं राहून घडलेली आहे, एवढं कळतं मला. दोन ठिकाणी तो लूपच्या किंचित मागे राहून तार ओढतो. ते यंत्राच्या नोकराला जमत नाही. "मारला" हा शब्द मागे घेतो. "आवडला" म्हणणार नाही.

बँडवाल्याचा_पोरगा, तुमच्या वडिलांची क्लॅरिनेट अजून घरी आहे का?

बँडवाल्याचा_पोरगा

आहे. पेटीत, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली. वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत, पुढचे दात गेलेत, त्यामुळे ओठ बसत नाही. मागच्या दिवाळीत मी नवी रीड आणून दिली. ती त्यांनी अर्धा तास तोंडात भिजवत ठेवली आणि एकच सूर लावला, लांब. मी तो फोनवर घेतला. शेवटी फाटतो तो, पण तो फाटलेला भागही मी ठेवलाय. कीबोर्डवर त्याच्याखाली काय लावायचं, ते अजून सुचलेलं नाही.