दुसरीतली मुलगी ४७ चे ७४ लिहिते: घरच्या घरी कोणते खेळ घ्यावेत?

खळं_पडवी (देवगड):
मुलगी दुसरीत, मराठी माध्यम. एक ते शंभर घडाघडा म्हणते, पण 'सत्तेचाळीस लिही' म्हटलं की ७४ लिहिते आणि 'एकोणपन्नास'ला ५९. वह्याच्या वह्या भरून घ्यायच्या नाहीत. पाऊस लागलाय, तेव्हा पडवीत बसून खेळता येईल असं सुचवा. विकतचं सामान शक्यतो नको. घरात तीन वर्षांचा धाकटाही आहे.

हिशेबी_मास्तर:
कानावर 'सत्ते' आधी पडतं, म्हणून हात ७ आधी लिहितो. तिचं मोजणं पक्कं आहे, दशकाची जागा पक्की नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, त्यावर गदारोळ झाला. पण त्यामागची अडचण हीच होती आणि ती खरी आहे.

हिरांच्या जुड्या करा. खराट्याचे हीर घेऊन शेंड्याकडचा बारीक भाग टाकून द्या. निमुळत्या हिरांची जुडी ढिली पडते, एखादा हीर गळतो आणि नवाचीच जुडी उरते. बाकीच्याचे वीतभर तुकडे करा. दोघांच्या खेळाला सव्वादोनशे तरी हवेत, शिवाय वीसेक रबरबँड. लुडोचे दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढे हीर उचलायचे, आणि सुटे दहा झाले की तिथल्या तिथे जुडी बांधायची. जो आधी दहा जुड्या करेल तो जिंकला. एकाच फाशावर शंभर गाठायला प्रत्येकाला तीसेक डाव लागतात, तोवर मूल कंटाळतं. दोन फाशांनी पंधराएक डावांत संपतं.

डाव मध्येच थांबवून विचारा, 'किती झाले?' समोर कागदावर दोन रकाने: डावीकडे जुड्या, उजवीकडे सुटे. तिने आधी 'चार जुड्या, सात सुटे' म्हणायचं, मग ४७ लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी 'सत्तेचाळीस'. हा क्रम मोडू नका.

जुडी तिनेच बांधायची, तुम्ही आयती देऊ नका. दहा रुपयांचं नाणं एवढ्यात आणू नका, कारण नाणं सोडून आतले दहा दिसत नाहीत.

गजगा:
एकोणपन्नासची चूक वेगळी आहे. तिथे 'पन्नास' ऐकून ५ लिहिला जातो. पाच जुड्या मांडा आणि शेवटच्या जुडीतून एक हीर हळूच ओढून बाजूला ठेवा. ती जुडी आता जुडी राहिली नाही: चार जुड्या आणि नऊ सुटे. हेच २९, ३९, ६९ ला करून घ्या. ८९ ला 'एकोणनव्वद' चालतं, पण ९९ ला 'नव्याण्णव' म्हणतात, ते वेगळं सांगावं लागतं.

फासे नसतील तर चार चिंचोके घ्या आणि प्रत्येकाची एकच बाजू जांभ्याच्या चिऱ्यावर पांढरी दिसेपर्यंत घासा. चिंचोके भाजू नका. टरफल सुटतं आणि काळी बाजूच उरत नाही. जितके पांढरे वर, तितके गुण. चारही काळे पडले तर आठ. प्रत्येक डावाची एक रेघ मारायला लावा. २ खाली रेघा वाढताना दिसतील, कारण पडण्याच्या १६ प्रकारांपैकी ६ प्रकारांत दोनच पांढरे येतात. घासणं कमीजास्त झालं तर चिंचोका एका बाजूला जास्त पडतो, तेही मुलांच्या लक्षात येतं.

आणि धाकट्यासाठी: मोजायला गुंजा अजिबात देऊ नका. लाल-काळ्या दिसायला सुंदर असतात, पण चावल्या गेल्या तर विषारी. काजूच्या सालासकट बियाही नकोत; साल फुटली की तेलाने हात भाजतो. चिंचोके खेळ झाल्यावर मोजून डब्यात टाका, नाकात आणि घशात जायला त्यांचा आकार नेमका आहे.

भरती_ओहोटी:
जोडीला पडवीत खडूने ० ते ३० ची घरं आखा. उडीच्या खेळात ५ वर उभं राहून ३ पुढे म्हटलं की बरीच मुलं पायाखालचं घर 'एक' धरतात आणि ७ वर थांबतात. 'घरं मोजू नको, उड्या मोज' एवढं सांगितलं की सुधारतं. पाऊस उघडला की हेच ओल्या पुळणीवर काठीने.

खळं_पडवी:
हीर काढून ठेवले. वजाबाकीलाही जुड्याच चालतील का? ३२ – ७ चे ३५ लिहिते.

हिशेबी_मास्तर:
चालतील, पण दोन्ही संख्या मांडू नका, सगळा घोळ तिथेच होतो. समोर ७ आणि २ दोन्ही दिसले की ती मोठ्यातून लहान काढते. फक्त ३२ मांडा आणि 'सात मला दे' म्हणून हात पुढे करा. सुटे दोनच आहेत, म्हणजे तिला जुडी सोडावीच लागेल. रबरबँड तिनेच काढू दे, थोडा वेळ लागला तरी गप्प बसा. लेखी मांडणी या खेळात हात बसल्यावर.