चूक झाली, रुग्ण गेला. डॉक्टरला सावरायचं की आधी जाब विचारायचा?

रातपाळी
डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं होतं की उपचारातल्या चुकीचा पहिला बळी रुग्ण, आणि दुसरा ती चूक ज्याच्या हातून झाली तो डॉक्टर. मला हे शंभर टक्के पटतं. आमच्या युनिटमधल्या एकाच्या हातून डोस चुकला. तेव्हापासून तो ऑर्डर लिहितो, कॅल्क्युलेटर पुन्हा उघडतो, मग सिस्टरला फोन करून तीच ऑर्डर वाचून घेतो. गरज नसलेल्या तपासण्या लिहितो, अवघड केस दुसऱ्याकडे ढकलतो. घरी बोलत नाही. अशा डॉक्टरला वाऱ्यावर सोडलं तर पुढच्या रुग्णालाही धोका आहे. म्हणून आधी त्याला सावरा, चौकशी नंतर.

थोरला
नंतर म्हणजे कधी? वडिलांना ज्या औषधाची अ‍ॅलर्जी होती तेच दिलं गेलं. केसपेपरवर लाल शाईत लिहिलेलं होतं. हे आम्हाला कागद मागवल्यावर कळलं, तोवर 'गुंतागुंत झाली' एवढंच ऐकत होतो. त्या डॉक्टरांची झोप उडाली होती म्हणे. उडाली असेलही. पण आमच्यासमोर येऊन कुणी बसलं नाही. २०१९ मध्ये याच जर्नलमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांनी 'दुसरा बळी' म्हणणं बंद करा असं लिहिलं, ते उगाच नाही. बळी म्हटलं की जबाबदारी आपोआप गळून पडते.

कज्जेदलाल
थोरला, डॉक्टर समोर आले नाहीत याचं कारण बहुतेक वेळा आमच्यासारखे वकील असतात. पहिला सल्ला ठरलेला: एक अक्षर बोलू नका. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून उलटं केलं. चूक सापडली की स्वतःहून सांगायची, माफी मागायची, भरपाई द्यायची. दावे वाढले नाहीत, कमी झाले. (आमच्या धंद्याला वाईट, पण असो.)

रातपाळी
थोरला, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. लपवाछपवीचं समर्थन मी करत नाही. पण इंग्लंडमधल्या लेस्टरचं प्रकरण पाहा. २०११ मध्ये सेप्सिसने, म्हणजे संसर्ग शरीरभर भिनून, एक लहान मुलगा गेला. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली डॉक्टर, संगणक बंद पडल्याने उशिरा आलेले रिपोर्ट, वरिष्ठ बाहेरगावी. २०१५ मध्ये तिला मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं, २०१८ च्या जानेवारीत नोंदणी रद्द, ऑगस्टमध्ये अपिलात परत. एवढं पाहिल्यावर आपली चूक कोण आपणहून सांगेल?

तिरकस
आणि त्या मुलाच्या आईबापांची किती वर्षं गेली? 'व्यवस्था चुकली' म्हटलं की सगळे सुटतात, व्यवस्थेला कधी शिक्षा होत नाही.

औषधाची बाटली
शिक्षेचं जाऊ द्या, व्यवस्था बदलता तरी येते. व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध शिरेतूनच द्यायचं. मणक्यात गेलं तर रुग्ण सहसा वाचत नाही. तरी हुशार, प्रामाणिक डॉक्टरांकडून जगभर तीच चूक होत राहिली, कारण मणक्यात द्यायच्या औषधाची सिरिंज शेजारीच असायची. मग ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीत द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. पिशवी मणक्याला कुणी चुकून जोडत नाही. डॉक्टर गप्प बसले असते तर हे सुचलं असतं का?

थोरला
बाटली, पिशवीचं पटलं. पण डॉक्टर बोलले ते एकमेकांशी आणि समितीशी. मी विचारतोय ते घरच्यांशी बोलण्याबद्दल. त्याला नवीन पिशवी लागत नाही.