नाका की चौक?

पुणेकर: ठाण्यात नवा आहे. काल रिक्षावाल्याला 'टेंभी चौक' म्हणालो, तर त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे चार रस्ते मिळाले की चौक. इथे टेंभी नाका, जांभळी नाका, कोर्ट नाका, तीन हात नाका! नाका म्हणजे जकात घेतात ती जागा ना? कोर्टापाशी कसली जकात?

नौपाडावासी: अहो, नाका म्हणजे वाटेत अडवण्याची जागा. नाकेदार, नाकेबंदी या शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली, पण मुलुंड चेकनाका चेकनाकाच राहिला. (चेक म्हणजे तपासणी आणि नाक्यावरही तपासणीच. दोनदा झडती!)

पुढे अडवणारा गेला, थांबणारे उरले. सकाळी घमेलं-थापी घेऊन कामाची वाट बघतात ते 'नाका कामगार'. कॉलेजातली पोरं उभी असतात तीही नाक्यावरच. 'चौकातली पोरं' म्हटलं तर वर्गणी मागायला आली असं वाटेल.

तुर्भेकर: चौक संस्कृत 'चतुष्क'वरून आला. म्हणजे त्यात चार हवेतच, वाड्यातल्या चौकालाही चार बाजू असतात. तीन हात नाक्याला चौक म्हणणं अंकगणितातच बसत नाही :)

आमच्याकडे बघा. जुन्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भे नाका आहे आणि वाशीत शिवाजी चौक. नवी मुंबई आखून वसवणारी सिडको आली १९७० मध्ये. मला वाटतं, कागदावर आधी आखलं त्याला चौक मिळाला, वापरातून घडलं त्याला नाका.

नौपाडावासी: अर्धंच पटलं. जांभळी नाक्याच्या शेजारी चिंतामणी चौक आहे, तो काही सिडकोने आखलेला नाही. कुणाचं नाव द्यायचं म्हटलं की चौक लागतो, एवढंच. 'अमुक-तमुक स्मृती नाका' कुठे वाचलाय?

पुणेकर: मग चव्हाटा? तोही चार वाटांचाच ना?

तुर्भेकर: हो, पण त्याच्यावर आता फक्त भांडणं येतात. पत्त्यात कुणी घालत नाही.

पुणेकर: बरं, रिक्षावाल्याला काय सांगू?

नौपाडावासी: टेंभी नाका म्हणा. पण तलावपाळीवर असाल तर चालतच जा, संध्याकाळी एवढ्याशा अंतराला रिक्षा मिळायची नाही.