साडेपाच आणि नऊ वर्षांची दोघं, इनडोअर अ‍ॅडव्हेंचर पार्क: जाऊन आलेल्यांनी सांगा

निशिगंधा_कोथरूड

गेले बारा दिवस पुण्यात पाऊस उघडलेला नाही आणि काल आमच्या सोफ्याचा एक पाय निखळला. कसा ते सांगायला नको. थोरला नऊचा, धाकटी साडेपाचची. शनिवारी भाचाही येतोय, म्हणून मॉलमधल्या इनडोअर अ‍ॅडव्हेंचर पार्कला न्यायचं म्हणतेय. दोरांचे पूल, चढायची भिंत, ट्रॅम्पोलिन, फोमच्या ठोकळ्यांचा खड्डा, असलं सगळं.

गेल्या वर्षी दुसरीकडे गेलो होतो (नाव लिहीत नाही), तेव्हा पुरती शोभा झाली. तासाचा स्लॉट. त्यातली पहिली वीस मिनिटं काउंटरवरच. काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, अशा अर्थाची लांबलचक इंग्रजी मोबाइलवर, मागे रांग, कोण वाचतंय! मग रबरी ठिपक्यांचे मोजे घ्या, मनगटाला पट्टी बांधा, लॉकरची चावी सांभाळा. आत भिंतीवर जिराफ रंगवलेला आणि त्याच्या मानेवर 120 सेंटिमीटरची रेघ. आमचा भरला 119. वरच्या दोरांच्या कोर्सला मनाई. त्याने हळूच टाचा उचलल्या, तर तिथल्या मुलीने हसत खांद्यावर हात ठेवून टाचा परत टेकवल्या. नियमाबद्दल तक्रार नाहीच, पण बुकिंग करतानाच दिसेल असा लिहा की!

मग रागारागात तो चढायच्या भिंतीवर गेला. अर्ध्यावर पोचला, खाली पाहिलं आणि चिकटला. पालीसारखा. खालून नवरा ओरडतोय, "सोड हात, काही होत नाही!" तो जेवढा ओरडतोय तेवढी याची पकड घट्ट. शेवटी तिथल्या एका पोराने वर चढून उतरवलं. घरी येईपर्यंत गाडीत अवाक्षर नाही.

तर असं चिकटल्यावर नेमकं काय करायचं? धाकटीला ट्रॅम्पोलिनवर सोडावं का? आणि राजकोटच्या गेमझोनला 25 मे 2024 रोजी आग लागली, त्यानंतर मला अशा बंद जागांत शिरताना आधी बाहेरची वाट शोधायची सवय लागलीय. हे माझंच आहे की तुमचंही?

झोपमोड

आमचंही. तिथे ये-जा करायला एकच वाट होती म्हणे. आम्ही आत गेलो की आधी मागचा दरवाजा शोधतो आणि ढकलून बघतो. एका ठिकाणी दारापुढे वाढदिवसाच्या फुग्यांची खोकी रचली होती. सांगितल्यावर हलवली, पण तोंड वाकडं करून. आणि मोजे फेकू नका. ठिपके शाबूत असतील तर बऱ्याच ठिकाणी जुने चालतात, आधी फोन करून विचारा.

प्लास्टरवाली_मावशी

ताई, हाडांच्या ओपीडीत सिस्टर आहे, म्हणून राहवत नाही. साडेपाचच्या मुलीला मोठ्यांच्या ट्रॅम्पोलिनवर नको. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाच सल्ला आहे, सहाच्या आत ट्रॅम्पोलिन नाही.

आमच्याकडे येतात त्यांची गोष्ट बहुतेक एकच. "बाबांबरोबर उडी मारत होती." जड माणूस उतरला की जाळी खाली दबते आणि झटक्यात वर येते. नेमकं तेव्हाच हलकं पोर उतरलं की तो सगळा तडाखा त्याच्या पायात. गुडघ्याच्या जरा खाली हाड तडकतं. पडलेलं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून घरचे दोन दिवस तेल चोळतात. लंगडत असेल, पाय टेकवत नसेल, तर चोळू नका, एक्स-रे काढा. ट्रॅम्पोलिनवरच्या चार दुखापतींपैकी तीन एकाच जाळीवर एकापेक्षा जास्त जण असताना होतात. तेव्हा थोरल्याला आणि भाच्यालाही एका चौकोनात एकटंच उडू द्या. फोमच्या खड्ड्यात डोकं खाली करून सूर मारायचा नाही, हेही दोघांकडून वदवून घ्या.

भटक्या_खोपोली

मी सुट्टीच्या दिवशी मुलांना क्लाइंबिंग शिकवतो. तुमच्या नवऱ्याने जे केलं ते शंभरातले नव्वद बाप करतात, त्यांना रागावू नका.

त्या भिंतीच्या माथ्यावर एक डबा असतो, त्यातून पट्टा येतो. ऑटो-बिले म्हणतात. पोर चढेल तसा तो पट्टा गुंडाळत जातो आणि हात सुटला की सावकाश खाली आणतो. बापाला हे ठाऊक असतं, पोराला नसतं. त्याच्या लेखी हात सोडणं म्हणजे पडणं. म्हणून "सोड" हा शब्दच काढू नका.

खरं काम जमिनीवरच करायचं. हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, चढवलं की तीन-चार फुटांवर चढवा आणि तिथे मागे बसायला सांगा. खुर्चीत बसल्यासारखं, पाय भिंतीला टेकवून. पहिल्यांदा कुणीच बसत नाही, ढुंगण भिंतीला चिकटलेलं असतं. दहा वेळा करा. पट्ट्याने आपल्याला धरलंय हे कानाला नाही, कमरेला कळावं लागतं. मग पाच फुटांवर, मग सहा.

तरीही चिकटलाच, तर खालून एकानेच बोला, हळू, आणि फक्त पायांबद्दल. "उजवा पाय पिवळ्यावर. आता डावा, गुडघ्याखाली निळा आहे." दोन पावलं उतरला की श्वास येतो.

हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर हवा. मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतपत घट्ट. आणि हे विसरू नका: पट्टा हार्नेसला अडकवलाय का, हे प्रत्येक वेळी स्वतः ओढून बघा. ऑटो-बिलेवरचे वाईट अपघात यंत्र बिघडल्याने क्वचित होतात. अडकवायचं विसरून चढल्याने होतात.

तात्या_गिरगाव

एवढे पैसे देऊन फोममध्ये पडायला! आमच्या वेळी मल्लखांब होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन बघा एकदा, दोरीवरच्या पोरी पाहून तुमचा तो अडथळ्यांचा निन्जा कोर्स गुंडाळून ठेवाल.

भटक्या_खोपोली

तात्या, मल्लखांबाला माझा साष्टांग नमस्कार. पण निन्जा कोर्सला हसू नका. 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतून घोडेस्वारी बाहेर आणि तिच्या जागी असल्याच अडथळ्यांची शर्यत आत. तुमच्या दोरीवरच्या पोरी तिथे पोचल्या तर मला आनंदच आहे.

निशिगंधा_कोथरूड

तात्या, शिवाजी पार्क कोथरूडपासून जरा लांब पडतं हो. सोफ्याचा पाय तोवर तग धरेल का?

निशिगंधा_कोथरूड (नऊ दिवसांनी)

जाऊन आलो. शनिवार टाळला, गुरुवारी शाळेला सुट्टी मिळाली तर सकाळी अकराचा स्लॉट घेतला. अख्ख्या पार्कात आम्ही आणि आणखी एक कुटुंब. फॉर्म आदल्या रात्री घरीच भरला, आणि या वेळी वाचला. मागचं दार ढकललं, उघडलं. जुने मोजे चालले, फक्त भाच्याला एक जोड घ्यावा लागला, सत्तर रुपये.

धाकटीला लहान मुलांच्या भागात सोडलं. तिने पाऊण तास चेंडूंच्या हौदात एकच उद्योग केला. निळे चेंडू वेचून एका कोपऱ्यात जमवायचे. दुसरं कुणी घेतला की बोंब. ट्रॅम्पोलिनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मीच उगाच रात्र रात्र काळजी केली.

थोरल्याला नवऱ्याने चार फुटांवर मागे बसवलं. पहिल्या तीनदा खरंच ढुंगण भिंतीला! पाचव्यांदा बसला आणि म्हणाला, "अगं, हे झोक्यासारखंय." मग वीसेक मिनिटं तो चढलाच नाही, नुसता बसत होता. मला आत घड्याळ दिसत होतं, पैसेही दिसत होते, पण गप्प राहिले. भाचा दोनदा माथ्याला हात लावून आला. आमचा गेल्या वेळच्या जागेच्या दोन खुंट्या वर गेला, खाली पाहिलं, थांबला. नवऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळूच, "डावा पाय, हिरवा." उतरला.

वरच्या दोरांच्या कोर्सला तो गेलाच नाही. पुढच्या वेळी, म्हणाला. पण निघताना मोजे काढून झाल्यावर एकदम गायब. शोधलं तर दाराशी उंचीच्या पट्टीला पाठ लावून उभा आणि काउंटरवरच्या दादाला सांगतोय, "माझी मोजा ना." त्याला कुणी विचारलं नव्हतं. टाचा नीट टेकलेल्या. 124.