शब्दचर्चा : ‘जोखीम’ आणि ‘चढउतार’

स्वाध्यायी

अर्थशास्त्राची मराठी पुस्तके आणि गुंतवणुकीवरचे लेख वाचताना ‘जोखीम’ या शब्दापाशी मी दर वेळी अडतो. ‘या शेअरची जोखीम १८ टक्के आहे’ असे वाक्य येते, तेव्हा लेखकाला सांगायचे असते की त्या शेअरच्या वार्षिक परताव्याचे प्रमाण विचलन, म्हणजे परतावा आपल्या सरासरीपासून साधारण किती वर-खाली होतो याचे माप, १८ टक्के आहे. मराठीत याला जोखीम म्हणत नाहीत. हा चढउतार झाला. चढउतार म्हणजेच जोखीम हा मुख्य प्रवाहातल्या अर्थशास्त्राचा एक सिद्धांत आहे, आणि भाषांतरात तो शब्दाच्या आडून, कोणी न तपासता आत येतो.

मी अर्थशास्त्र वर्गात बसून शिकलेलो नाही. वार्षिक अहवाल, ताळेबंद आणि जुने निबंध वाचत आणि स्वतःचे पैसे लावत शिकलो. त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आपण जोखीम अंगावर घेतो, पत्करतो, उचलतो, दुसऱ्यावर ढकलतो. जोखमीची वस्तू म्हणतो, ती हरवली तर कोणाला तरी भरून द्यावी लागणार असते. यातल्या प्रत्येक प्रयोगात एक माणूस उभा आहे. चढउताराला माणूस लागत नाही. शेअर कोणी विकत घेतलेला असो वा नसो, त्याचा भाव वर-खाली होतच राहतो. आता एकच शेअर दोघांकडे आहे. एकाने कर्ज काढून घेतला आहे आणि हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे. दुसऱ्याला ते पैसे वीस वर्षे लागणार नाहीत. प्रमाण विचलन दोघांसाठी तेच. जोखीमही तीच, असे मराठी बोलणारा कोणी म्हणेल का?

शब्दवेल

मी अर्थविषयक मजकुराचे भाषांतर करते, म्हणून विचारते. मूळ इंग्रजी लेखकच ‘रिस्क’ या शब्दाने प्रमाण विचलन सांगत असेल, तर अनुवादकाने वेगळा शब्द वापरणे म्हणजे त्याचे म्हणणे बदलणे नाही का? आणि ही अदलाबदल इंग्रजीत तरी केव्हा झाली?

स्वाध्यायी

केव्हा झाली ते बऱ्यापैकी नेमके दाखवता येते. १९२१ साली अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या केल्या होत्या. जिची संभाव्यता मोजता येते ती रिस्क, आणि जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. उद्योजकाचा नफा या दुसऱ्या गोष्टीतून येतो, असे त्यांचे म्हणणे. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनीही १९३७ च्या निबंधात लिहिले की वीस वर्षांनंतरचा तांब्याचा भाव किंवा व्याजदर यांची संभाव्यता मांडायला शास्त्रीय आधारच नाही, ते आपल्याला कळतच नाही.

मग १९५२ साली हॅरी मार्कोविट्झ यांचा पोर्टफोलिओवरचा निबंध आला. त्यात एक फार प्रांजळ जागा आहे. गुंतवणुकीवरच्या लेखनात ‘रिस्क’ हा शब्द जिथे येतो तिथे ‘परताव्याचे विचरण’ (प्रमाण विचलनाचा वर्ग) असे घातले, तर दिसणाऱ्या अर्थात फारसा फरक पडणार नाही, असे ते म्हणतात. म्हणजे शब्द बदलतो आहोत हे त्यांनी वाचकाला सांगून केले. १९६४ साली विल्यम शार्प यांच्या निबंधातून पुढे बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो याचे माप, रुळला, आणि मग सूत्रे राहिली, ते सांगणे गळून गेले. आजचा विद्यार्थी पहिल्याच धड्यात व्याख्या म्हणून जे पाठ करतो, ती एकेकाळी एक सूचना होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे देईन: लेखकाने मोजलेली वस्तू चढउतार असेल तर ‘चढउतार’ लिहिण्याने त्याचे म्हणणे उलट नेमके होते. ‘अस्थिरता’ हा रूढ पर्याय मात्र मला पटत नाही. अस्थिर म्हटले की वस्तूतच खोट आहे असा भास होतो, आणि वर जाणारा भावही त्यात दोषी ठरतो.

फळाखडू

मी हा विषय शिकवतो, आणि इथे अर्थशास्त्रावर थोडा अन्याय होतो आहे. विचरण निवडले ते गणिती सोयीसाठी, त्यापलीकडे कोणी दावा करत नाही. फक्त घसरण मोजणारे अर्धविचरण मार्कोविट्झ यांनीच १९५९ च्या पुस्तकात चर्चेला घेतले होते. नाइटही आम्ही शिकवतो. शास्त्राला मोजता येणारी वस्तू लागते, ‘अंगावर घेणे’ हे वहीत कसे मांडणार? आणि एक गोष्ट सौम्यपणे विचारतो. बाजाराच्या सरासरीला मागे टाकणे बहुतेक व्यावसायिक फंड व्यवस्थापकांनाही दीर्घकाळ जमलेले नाही, हे अर्थशास्त्रज्ञांनीच दाखवले. स्वतः शिकलेल्या गुंतवणूकदाराने त्यांचे निदान एवढे ऋण मानू नये का?

स्वाध्यायी

सर, ते ऋण मी मनापासून मानतो. शार्प यांनी १९९१ साली मांडलेला हिशेब निर्विवाद आहे. शेअर निवडून घेणाऱ्या सगळ्यांचा एकत्रित परतावा खर्चापूर्वी बाजाराइतकाच असणार, म्हणून खर्च वजा केल्यावर त्याहून कमी. पण या बेरीज-वजाबाकीला जोखमीची कुठलीच व्याख्या लागत नाही. अर्थशास्त्राचा हा भाग टिकतो तो त्यामुळेच. माझी तक्रार दुसऱ्या भागाबद्दल आहे.

गणिती सोयीसाठी निवडलेले माप पुढे निर्णय घेऊ लागते. वॉरेन बफे यांनी १९८४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या भाषणात वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्र कंपनीचे उदाहरण दिले होते. १९७३ साली बाजार त्या सबंध कंपनीची किंमत ८ कोटी डॉलर धरत होता, तर तिची मालमत्ता ४० कोटींहून जास्त मोलाची होती. त्यांचा मुद्दा असा की भाव आणखी कोसळून ४ कोटींवर आला असता, तर बीटा वाढला असता आणि सूत्राने ती खरेदी अधिक जोखमीची ठरली असती. तीच मालमत्ता निम्म्या पैशात मिळत असताना!

याची दुसरी बाजू जास्त घातक आहे. लोकांचे पैसे गुंतवून देणाऱ्या अमेरिकी बर्नार्ड मेडॉफचे परतावे वर्षानुवर्षे विलक्षण एकसारखे होते. प्रमाण विचलन पाहिले तर त्याच्याकडे ठेवलेले पैसे अतिशय सुरक्षित दिसत. डिसेंबर २००८ मध्ये कळले की पैसे गुंतवलेलेच नव्हते. ही फसवणूक होती, बाजारातली घडामोड नव्हती, असे तुम्ही म्हणाल. मग लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा अमेरिकी गुंतवणूक फंड घ्या. रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, दोघेही त्या फंडात भागीदार होते, आणि १९९८ मध्ये फंडाने सुमारे ४.६ अब्ज डॉलर गमावले. फंडाने छोट्या छोट्या भावफरकांवर प्रचंड कर्ज काढून सौदे केले होते. त्यातले अनेक फरक पुढे मिटायचे असतीलही, पण तोवर थांबायला फंडाकडे भांडवल उरले नाही. इथे जोखीम कर्जात होती. भावांच्या इतिहासातून काढलेल्या विचलनात ती सापडणारच नव्हती.

आणि ‘अंगावर घेणे’ वहीत मांडता येते. एक खेळ घ्या. नाणे उडवायचे, छापा पडला तर जवळचे सगळे पैसे दीडपट, काटा पडला तर ४० टक्के जाणार. एका डावाची अपेक्षित कमाई ५ टक्के, म्हणजे पुस्तकाप्रमाणे खेळ फायद्याचा. पण तोच माणूस तेच पैसे लावत खेळत राहिला, तर एक छापा आणि एक काटा मिळून १०० चे १५० आणि १५० चे ९० होतात. दर दोन डावांमागे १० टक्के घट. ५ टक्क्यांची सरासरी खरी आहे, फक्त ती हजारो माणसांवर पसरलेली आहे. मोजके नशीबवान प्रचंड श्रीमंत होतात आणि बाकीचे जवळजवळ सगळे बुडत जातात. ओले पीटर्स आणि मरे गेल-मान यांनी २०१६ च्या निबंधात हाच भेद गणिताने मांडला. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी तर १९५६ सालीच, एका डावात किती लावले म्हणजे पैसे दीर्घकाळ वाढत राहतील, याचे सूत्र दिले होते.

फळाखडू

नाण्याचे उदाहरण वर्गात घेईन. मात्र उपयोगिता फलन (पैशातून मिळणाऱ्या समाधानाचे सूत्र) लघुगणकी धरले, म्हणजे पैसे वाढतील तसे पुढच्या रुपयाचे समाधान कमी होत जाते असे मानले, तर मुख्य प्रवाहातही याच उत्तरापर्यंत पोचता येते, एवढी नोंद असू द्या.

स्वाध्यायी

नोंद मान्य आहे. पण तिथे खेळ टाळण्याचे कारण माणसाचा स्वभाव ठरतो, त्याला जोखीम आवडत नाही म्हणून. मी म्हणतो, त्याला आवडो वा न आवडो, पैसे घटतात. बुडण्याला भित्रेपणाचे नाव देणे मला फार खटकते.

कोशप्रेमी

‘धोका’ शब्द कोणी घेतला नाही. मला तिघांत असा फरक जाणवतो: धोका बाहेर असतो, वाट्याला येतो. जोखीम आपण जाणूनबुजून अंगावर घेतो. अनिश्चितता या दोन्हींच्या आधीची, तिथे काय येणार हेच ठाऊक नसते. ‘धोका पत्करला’ असेही म्हणतात, पण धोक्याला विमा नसतो, जोखमीला असतो. विमा कंपनी जोखीम स्वीकारते, धोका स्वीकारते असे आपण लिहीत नाही.

स्वाध्यायी

फार नेमके. विमा हीच नाइट यांची कसोटी होती. जिचा विमा उतरवता येतो ती मोजता येणारी, आणि उरलेली उद्योजकाच्या पदरात.

शब्दवेल

मग मी प्रमाण विचलन किंवा बीटा अभिप्रेत असेल तिथे ‘चढउतार’ लिहीन, पैसे कायमचे बुडण्याची गोष्ट असेल तिथे ‘जोखीम’. एक शंका उरते. सरकारी रोख्यांच्या व्याजाला ‘जोखीममुक्त दर’ म्हणतात, तो रूढ शब्द ठेवायचा का?

स्वाध्यायी

मी ‘सरकारी रोख्यांचा दर’ एवढेच लिहीन. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा तिच्याकडे मोठ्या प्रमाणावर अमेरिकी सरकारचे रोखे आणि सरकारी पाठबळाचे गृहकर्ज रोखे होते. मुदतीपर्यंत धरणाऱ्याला त्यांतली पै न् पै मिळणार होती. व्याजदर चढले होते, रोख्यांचे भाव उतरले होते आणि ठेवीदार पैसे परत मागत होते. म्हणून बँकेला सुमारे १.८ अब्ज डॉलर तोटा सोसून रोखे विकावे लागले, आणि ती बातमी फुटल्यावर दोन दिवसांत बँक बंद झाली. जोखीम रोख्यांत शोधली तर सापडत नाही. उद्या परत मागता येणाऱ्या ठेवींतून लांब मुदतीचे रोखे घेणाऱ्या बँकेच्या अंगावर ती होती.

शब्दवेल

पटले. ‘सरकारी रोख्यांचा दर’ लिहिते, आणि मूळ लेखक त्याला जोखीममुक्त म्हणतो हे पहिल्या उल्लेखाच्या वेळी सांगते.