'आय वॉन्ट इट दॅट वे' : विमानतळावरच्या त्या व्हिडिओत कथा का नाही?

मध्यलय (प्रश्न)

बॅकस्ट्रीट बॉइज या पाच गायकांच्या अमेरिकन पॉप गटाचे 'आय वॉन्ट इट दॅट वे' हे १९९९ सालचे गाणे आणि त्याचा व्हिडिओ अलीकडे पुन्हा लक्षपूर्वक पाहिला, आणि जे प्रश्न पूर्वी कधी पडले नव्हते ते पडले. गाणे उघडउघड दुराव्याचे आहे. व्हिडिओसाठी निवडलेली जागा, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विमानतळावरचे टॉम ब्रॅडली टर्मिनल, हीसुद्धा निरोपाची जागा आहे. असे असूनही ज्या व्यक्तीला उद्देशून हे पाच जण गातात ती व्यक्ती संपूर्ण व्हिडिओत कुठेच दिसत नाही. ते टर्मिनलमध्ये उभे राहून गातात, पांढऱ्या कपड्यांत विमानासमोर येतात, चाहत्यांचा घोळका फुले आणि फलक घेऊन ओरडत असतो आणि गाणे संपते. त्यातच गाण्याच्या शब्दांची संगती लागत नाही; सुरुवातीच्या कडव्यात ज्या गोष्टीची ओढ व्यक्त केली आहे, तीच गोष्ट समोरच्याच्या तोंडून ऐकायची नाही असे ध्रुवपद सांगते. अशा वेळी व्हिडिओने थोडी कथा पुरवून अर्थ सावरला असता, तर ते अधिक योग्य झाले नसते का? की हा निव्वळ आळस आहे? शिवाय इतके गाजलेले गाणे अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीच्या यादीत सहाव्या क्रमांकाच्या वर का गेले नाही, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

दृश्यवेध

आळस म्हणणे मला पटत नाही, कारण कथा रचणे या गटाला नवीन नव्हते. १९९७ सालच्या 'एव्हरीबडी'च्या व्हिडिओत, ज्याचे दिग्दर्शन जोसेफ कान यांनी केले होते, झपाटलेला वाडा आहे, प्रत्येक सदस्याला एकेका राक्षसी पात्राचे सोंग दिलेले आहे आणि सामूहिक नृत्यही भरपूर आहे. त्यामुळे 'आय वॉन्ट इट दॅट वे'च्या वेळी दिग्दर्शक वेन आयशम यांनी कथा वगळली ती जाणूनबुजून, असेच मी मानतो.

प्रेयसी पडद्यावर आणली असती तर गाणे तिचे झाले असते. ती नसल्यामुळे कॅमेराच तिच्या जागी उभा राहतो. गाणारा थेट भिंगात पाहतो आणि घरी बसून पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते की हे आपल्यालाच म्हटले जात आहे. विमानतळावरचा तो घोळका म्हणजे याच प्रेक्षकांचे पडद्यावर आलेले रूप आहे. आपण ज्याला कथेचा अभाव म्हणता, ती या व्हिडिओची खरी युक्ती आहे.

दुसरा मुद्दा चेहऱ्यांचा. अशा गटाच्या व्हिडिओला आवाज आणि चेहरा यांची गाठ घालून देण्याचे काम करावेच लागते. पहिले कडवे ब्रायन लिट्रेल गातो, पुढचे निक कार्टर उचलतो, ध्रुवपदानंतरचे एजे मॅक्लीनकडे जाते, मधल्या भागात केविन रिचर्डसनचा खालच्या पट्टीतला आवाज येतो, आणि जो गातो त्याचा चेहरा त्या वेळी जवळून दिसतो. (हावी डरोच्या वाट्याला नेहमीप्रमाणे कमी आले आहे, याची मला आजही चुटपुट लागते.) या वाटपात कथानक घुसवायला जागाच उरत नाही. पांढरे कपडेही सहज आलेले नाहीत, कारण हे गाणे ज्यात आहे त्या 'मिलेनियम' या अल्बमच्या मुखपृष्ठावर हे पाचही जण पांढऱ्या वेषातच उभे आहेत.

आरोहअवरोह

शब्दांविषयी थोडे लिहितो. हे गाणे मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्ल्सन या दोन स्वीडिश गीतकारांनी लिहिले आहे. स्टॉकहोममधल्या शेरॉन स्टुडिओत, जिथे मार्टिन घडले, चाल आधी आणि शब्द नंतर अशी शिस्त होती, आणि शब्दाच्या अर्थापेक्षा तो चालीत कसा बसतो, त्यातला स्वर किती उघडा आहे, याला अधिक महत्त्व होते. विसंगती कोणाच्या लक्षात आली नव्हती असे मात्र नाही. 'नो गुडबाइज' या नावाने ओळखली जाणारी या गाण्याची एक दुसरी आवृत्ती ध्वनिमुद्रित झाली होती, ज्यात शब्द बदलून अर्थ सरळ केला होता. ती ऐकल्यास विधाने एकमेकांशी जुळतात, परंतु गाणे एकदम सामान्य वाटू लागते. गटाने मूळ आवृत्तीचा आग्रह धरला आणि तो योग्यच होता.

भावनेची संगती येथे शब्दांनी नव्हे, रचनेने सांभाळली आहे. सुरुवातीला गिटारच्या सुट्या स्वरांवर एकच आवाज आहे. मग ध्रुवपदात सर्वांचे आवाज एकमेकांवर चढतात. मधल्या भागात पुन्हा सगळे खाली उतरते, आणि त्यानंतर संपूर्ण गाण्याची पट्टीच वर सरकते. हा शेवटचा चढ इतका नेमक्या क्षणी येतो की ऐकणारा तर्क विचारण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. पट्टी बदलण्याची ही क्लृप्ती त्या काळी अनेकांनी वापरली आणि बहुतेकांच्या हातून ती कृत्रिम झाली.

मध्यलय

दोघांचेही आभार. कॅमेरा प्रेयसीच्या जागी उभा आहे हे मान्य, परंतु मग चाहत्यांचा तो जल्लोष गाण्यातल्या खिन्नतेशी विसंगत ठरत नाही का? ध्रुवपदात व्याकूळ झालेला माणूस पुढच्याच दृश्यात हसत हात हलवताना दिसावा, हे मला अजूनही खटकते.

पायरीक्रम

आपल्या क्रमवारीच्या प्रश्नाचे उत्तर लोकप्रियतेत नसून विक्रीच्या धोरणात आहे. अमेरिकेत हे गाणे दुकानात सुटी सीडी म्हणून विकायला आणलेच नाही. डिसेंबर १९९८ पर्यंत अशा गाण्याला 'हॉट १००' यादीत प्रवेशच नव्हता. नियम बदलल्यावर प्रवेश मिळाला, परंतु विक्रीचे गुण शून्य असल्यामुळे केवळ रेडिओवरच्या प्रसारणाच्या बळावर चढावे लागले. त्या हिशेबाने सहावा क्रमांक कमी नाही. ब्रिटनमध्ये गाणे सुटे विकले गेले आणि तेथे ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

अमेरिकेतले गणित सोपे होते : गाणे हवे असेल तर पूर्ण अल्बम घ्या. १८ मे १९९९ रोजी 'मिलेनियम' आला आणि पहिल्याच आठवड्यात तेथे त्याच्या ११ लाखांहून अधिक प्रती खपल्या, जो त्या वेळचा विक्रम होता. ज्या व्हिडिओला आपण कथाहीन म्हणता तो या विक्रीचाही भाग होता. त्यातला जल्लोष आपल्याला खटकतो हे मी समजू शकतो, पण हा गट किती मोठा आहे हे दाखवणे हेच त्या दृश्याचे काम होते आणि त्यासाठी खिन्नतेचा बळी दिला गेला, असे माझे मत आहे. २००० सालच्या ग्रॅमी पुरस्कारांत 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' या दोन्ही विभागांत गाण्याला नामांकन होते.

दृश्यवेध

खिन्नतेचा बळी गेला, हे मान्य करतो. ही विसंगती तेव्हाही लोकांना दिसली होती, याचा पुरावा 'ब्लिंक-१८२' या पंक रॉक गटाच्या 'ऑल द स्मॉल थिंग्ज'च्या व्हिडिओत आहे. त्याच वर्षी त्यांनी विमानतळ, विमान, किंचाळणारे चाहते आणि भिंगाकडे रोखलेली आर्त नजर यांची यथेच्छ टिंगल केली. गंमत अशी की त्या विडंबनानेच त्या गटालाही मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. आणि मध्यलय, आपल्याला कथाच हवी असेल तर आयशम यांनीच पुढच्या वर्षी एनसिंक या दुसऱ्या पॉप गटासाठी केलेला 'बाय बाय बाय' पाहावा. त्यात दोऱ्यांनी बांधलेल्या बाहुल्या झालेले पाच गायक आणि त्यांना नाचवणारी प्रेयसी, दोन्ही आहेत.