भाचीने फिजिकल केमिस्ट्रीत पीएचडी करावी का? माझं मत: नाही

ठाकुर्लीकर

आधी घरातली गोष्ट, मग मत. भाची यंदा एमएस्सी झाली, विषय फिजिकल केमिस्ट्री. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा नेट पहिल्या फटक्यात क्लिअर, जेआरएफसकट, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसकट. त्याच आठवड्यात महाप्याच्या एका कंपनीच्या अ‍ॅनालिटिकल लॅबमधून नोकरीचं पत्र आलं. पगार डोळे दिपवणारा नाही, पण कंपनीची बस आहे, पीएफ आहे, दिवाळीला बोनस आहे. बाईसाहेबांनी पत्र फ्रीजवर ठेवलंय. म्हणते, "मामा, मला प्रोफेसर व्हायचंय." बहिणीचा रोज फोन, तूच समजाव तिला. घरात केमिस्ट्री शिकलेला मीच एकटा ना.

मी विषयाचा वैरी नाही. १९९४ साली मुंबई विद्यापीठातून 'बाय पेपर्स' एमएस्सी केलं, म्हणजे प्रबंध न लिहिता पेपर देऊन, तेही फिजिकलच. मग तळोज्याला क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला लागलो, तो अजून तिथेच आहे.

आता हिशोब. जेआरएफ महिना ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो झाली की ४२,०००, वर घरभाडं. आमच्या काळाच्या मानाने चैन आहे, मान्य. पण फेलोशिप पाच वर्षांची, आणि फिजिकलवाल्यांचा सेटअप, म्हणजे प्रयोगाची यंत्रं, उभा राहण्यातच दोन वर्षं जातात. म्हणजे थीसिस सहाव्या वर्षी, वय एकोणतीस. मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं कराराचं संशोधन. एक पुरत नाही, दुसरा करावा लागतो. तेहतीस. मोठ्या संस्थांना माणूस तरुण हवा आणि पेपरही ढीगभर हवेत. अनुदानित कॉलेजांत जागाच निघत नाही. निघालीच तर आधी सरकारची एनओसी, मग बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची, ती यादी), मग मुलाखत, आणि 'आतला' उमेदवार कोण हे शिपायालाही ठाऊक. तोवर सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं. तासाला पैसे, मे महिन्यात भोपळा. कायम झालेल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, ते उत्तमच आहे. प्रश्न तिथवर पोचण्याचा आहे.

यात फिजिकलचंच का घेऊन बसलो? ऑरगॅनिकवाल्याने पीएचडी केली आणि प्राध्यापकी नाही जमली, तर ठाणे-बेलापूर रोडवर, तारापूरला, कुठेही आर अँड डीत त्याला विचारतात. तो रेणू बनवतो. फिजिकलवाल्याला एचआर विचारतो, "तुम्ही नेमकं बनवता काय?" काही नाही हो, मोजतो. मोजणाऱ्याला या बाजारात भाव नाही. खोडून काढा.

---

दोन_बाद_चार

"बाय पेपर्स"! हा शब्द किती वर्षांनी वाचला. पोचलो कलिन्याला, विद्यापीठात.

---

लेसर_आणि_लोकल

काका, खोडतो. सध्या पीएचडीचं चौथं वर्ष, मुंबईतच. संस्थेचं नाव विचारू नका, गाईड वाचत असतील.

दोन वर्षं सेटअपमध्ये 'जातात' असं तुम्ही लिहिलंय. माझी दोन वर्षं अशी गेली: व्हॅक्यूम पंप उघडून पुन्हा बंद करायला शिकलो. डिटेक्टरचं सर्किट स्वतः जोडलं. डेटा घ्यायचा प्रोग्रॅम लिहिला, तो तीनदा फेकला, चौथ्यांदा चालला. आरशांवरून लेसर नेऊन नमुन्यातल्या केसाएवढ्या ठिपक्यावर आणायचा. आणला की जुलै येतो, एसी दम टाकतो, खोलीचं तापमान दोन अंशांनी सरकतं आणि सकाळी बघावं तर किरण ठिपक्यावरून गायब. आमच्याकडे मोजायचा काळ फेमटोसेकंदात, म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं लावून भागायचं. एवढ्यात प्रकाशसुद्धा मिलिमीटरभर सरकत नाही. अशा मोजमापात चूक कुठून शिरते हे शोधायची सवय लागली की माणूस कुठेही खपतो. माझ्या दोन सीनियरपैकी एक बीकेसीत बँकेच्या जोखमीची मॉडेल्स करतो, दुसरी पुण्यात बॅटरीवाल्यांकडे. दोघांनाही कुणी 'बनवता काय' विचारलं नाही.

---

सीएचबी_वर्ष_अकरा

लेसर भाऊ, तुमच्या दोन्ही उदाहरणांत कुणी प्राध्यापक झालेलं नाही, लक्षात आलं का? भाचीला प्रोफेसर व्हायचंय. बँकेत जायचं असेल तर सहा वर्षं आरसे पुसायची काय गरज?

मी पीएचडी, विषय इलेक्ट्रोकेमिस्ट्री. नेट आहे, राज्याची सेट आहे, पेपर आहेत. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. सकाळी सातची बॅच एका कॉलेजात, दुपारचं प्रॅक्टिकल दुसऱ्यात, मध्ये दादरला पूल चढून गाडी बदलायची. पैसे सहा महिन्यांनी, तेही हजेरीपटावर सही राहिली नसेल तर. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहून काय होणार, पुढच्या जूनला पुन्हा तिथेच अर्ज करायचाय.

ठाकुर्लीकर साहेब, तुमच्या मताशी शंभर टक्के सहमत. फक्त बाजारभावाचं कारण चुकीचं आहे. खरं कारण असं की आमच्या खुर्च्या भरायच्याच नाहीत असं वर ठरलेलं दिसतं. विषय कुठलाही असो.

---

निवृत्त_मास्तर

ठाकुर्लीकर, एक विचारतो. तळोज्याच्या क्यूसीत बॅच सोडताना रचनेची खात्री कशावरून करता? एनएमआरचा, म्हणजे चुंबकाने रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राचा, आलेख बघूनच ना?

मग ऐका. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मात्ती आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या इथेनॉलचा एनएमआर घेतला आणि हायड्रोजनच्या एका रेषेऐवजी तीन दिसल्या. एक ओएचची, एक सीएच-टूची, एक सीएच-थ्रीची, आणि क्षेत्रफळं एकास दोनास तीन. रेणूतल्या कुठल्या हायड्रोजनचा शेजार कसा आहे, हे बाटली न फोडता कळायला लागलं ते तिथून. यातले धर्मात्ती पुढे आपल्या मुंबईत आले आणि टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. ते भौतिकशास्त्राचे, पण ही सीमारेषा परीक्षा विभागाने आखलेली आहे, निसर्गाने नव्हे. त्या तिघांनी काय 'बनवलं'? काही नाही. मोजलं. आणि तुमची आर अँड डीतली ऑरगॅनिकवाली मंडळी आज त्या यंत्राशिवाय एक पाऊल टाकत नाहीत. रेणू बनवला म्हणतात, पण तोच बनला हे सांगतो कोण?

दुसरं, उद्योगाबद्दल. शास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर कलिल रसायनाचे (दूध-चिखलासारख्या मिश्रणांचे), म्हणजे आपल्याच गोत्राचे. लाहोरला प्राध्यापक असताना एक तेल कंपनी त्यांच्याकडे आली. विहीर खणताना वापरायचा चिखल खारं पाणी लागलं की दगडासारखा घट्ट व्हायचा. भटनागरांनी त्यात डिंक घालायला सांगितलं आणि चिखल वाहता झाला. कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले, ते त्यांनी विद्यापीठामार्फत घ्यायला लावले. पुढे १९४२ साली सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, उभी राहिली ती त्यांच्याच हातून, आणि तुमच्या भाचीची जेआरएफ तिथूनच येते. तेव्हा फिजिकलवाल्याचा बाजाराशी संबंध नाही, असं निदान त्या पैशावर शिकणाऱ्या घराने म्हणू नये.

---

सीएचबी_वर्ष_अकरा

सर, नमस्कार करतो आणि विरोधही करतो. भटनागरांना कायम खुर्ची होती, म्हणून कंपनी दारात आली. माझ्याकडे कंपनी आली तर बसवू कुठे? स्टाफरूममध्ये मला कप्पासुद्धा नाही. जिंकलेल्यांचे फोटो भिंतीवर लागतात, आमचे पोलिस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर.

---

माझगाव_डॉक_नाही

मर्केलबाई विसरलात सगळे. १९८६ ला क्वांटम केमिस्ट्रीत डॉक्टरेट, नोकरी पूर्व बर्लिनमधल्या फिजिकल केमिस्ट्रीच्याच संस्थेत. पुढे सोळा वर्षं जर्मनीच्या चॅन्सेलर. मामांना सांगा, करिअरला स्कोप आहे.

---

गोरेगाव_ते_ग्योटिंगेन

हसले. आता जरा रागाने लिहिते.

मी दुसऱ्या पोस्टडॉकवर आहे, वय चौतीस, मूळची गोरेगावची. रोझालिंड फ्रँकलिन म्हटलं की लोकांना डीएनए आठवतो. पण बाई मुळात फिजिकल केमिस्ट. १९४५ ची त्यांची केंब्रिजची पीएचडी कोळशावर होती, कोळशातल्या छिद्रांवर. नंतर पॅरिसला त्यांनी क्ष-किरणांनी दाखवलं की काही कार्बन कितीही तापवले तरी त्यांचं ग्रॅफाइट होत नाही, थर वेडेवाकडेच राहतात. पेपर १९५१ चा. आज सोडियम-आयन बॅटरीत ऋणाग्राला जो हार्ड कार्बन वापरतात, तो याच जातीचा. ग्रॅफाइटच्या थरांत सोडियम नीट शिरत नाही, या वेड्यावाकड्या थरांत जागा सापडते. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी नीट मोजून ठेवलं होतं म्हणून आज कुणी बनवू शकतंय.

हे झालं विषयाच्या बाजूने. आता भाचीच्या बाजूने, कारण वरच्या मंडळींनी वयाचा हिशोब मुलाचा मांडलाय. पोस्टडॉक म्हणजे दोन-दोन वर्षांचे करार, प्रत्येक वेळी नवं शहर, नवा व्हिसा. नवरा शास्त्रज्ञ असेल तर एकाच गावात दोघांना जागा मिळत नाही. नसेल तर तो विचारतो, अजून किती. आई दर रविवारी विचारते ते वेगळंच. मी पुन्हा हेच करीन का? करीन. भाचीला डोळे मिटून कर म्हणेन का? नाही. या दोन वाक्यांत विसंगती आहे, मला माहीत आहे.

---

दोन_बाद_चार

बॅटरी कंपन्यांनी फ्रँकलिनबाईंना किती रॉयल्टी दिली? बाई १९५८ ला गेल्या, सदतिसाव्या वर्षी. मामांचा मुद्दा हाच आहे: मोजणाऱ्याचं देणं जग फेडतं, पण त्याच्या हयातीत नाही.

---

ट्रॉम्बेची_भिंत

मधला रस्ता कुणीच सांगत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासून चालू आहे. केमिस्ट्रीवाल्यांनाही घेतात. वर्षभर शिकवतात, आणि पास झालात की थेट सायंटिफिक ऑफिसर. पीएचडी नोकरीत राहून होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची करता येते. किरणोत्सर्गाने पाण्याचं काय होतं, इंधन विरघळवताना काय होतं, सगळी फिजिकल केमिस्ट्रीच आहे. वयाची अट कडक आहे, जाहिरात नीट वाचा. पोस्टडॉकनंतर सुचून उपयोग नाही.

---

लेसर_आणि_लोकल

रस्ता चांगला आहे, पण तिथे शिकवायला मिळेलच असं नाही. आणि काय मोजायचं, हे बऱ्याचदा वरून येतं. काहींना चालतं. मला नसतं चाललं.

---

ठाकुर्लीकर

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

मास्तर, एनएमआरवरून तुम्ही मला बरोबर पकडलंत. रोज तीन-चार आलेखांवर सही करतो आणि 'मोजणाऱ्याला भाव नाही' असं लिहून बसलो. ते वाक्य मागे घेतो. मी स्वतः तीस वर्षं मोजण्यावरच जगलोय. बाकीचं मागे घेत नाही. सीएचबीवाल्या सरांनी लिहिलंय ते वाचून तर आणखीच नाही.

सर, रागावू नका, पण विचारतो. इतकी वर्षं सोडून का नाही गेलात?

---

सीएचबी_वर्ष_अकरा

रागावत नाही. तिसऱ्या वर्षी वाशीच्या एका कंपनीत मुलाखत दिली होती, निवड झाली होती. त्याच महिन्यात पेपरात जाहिरात आली, कायम जागा, माझाच विषय. नोकरी नाकारली. जागा पुढे रद्द झाली. त्यानंतर दरवर्षी असंच काहीतरी येतं. तुम्हाला उदात्त उत्तर हवं असेल तर माझ्याकडे नाही.

---

गोरेगाव_ते_ग्योटिंगेन

हे वाचून गप्प बसले पाच मिनिटं.

---

लेसर_आणि_लोकल

काका, पीएचडी करावी की नाही हे इथे ठरणार नाही. निदान कुठे करायची ते तरी बघून ठरवा. गाईडला भेटू नका, म्हणजे भेटा, पण नंतर. आधी कॅंटीनमध्ये त्यांच्या मुलांना गाठा. चारच गोष्टी विचारा: मागचे तिघे किती वर्षांत बाहेर पडले, आता कुठे आहेत, स्टायपेंड अडकला तर कोण धावतं, आणि सेटअप चालू आहे की तुम्हीच उभा करायचाय. चौथ्या प्रश्नाला कुणी हसलं तर समजून जा. अर्धवट सोडून गेलेल्यांचा नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. ते खरं बोलतात.

---

निवृत्त_मास्तर

पाचवा प्रश्न माझा: गाईड अजून स्वतः लॅबमध्ये येतात का?

---

ठाकुर्लीकर

शनिवारी दोन ठिकाणी घेऊन जातोय तिला. कंपनीला पंधरा दिवसांची मुदत मागितली, मिळाली. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. मुलांशी तीच बोलेल, मी बाहेर झाडाखाली बसतो.

---

सीएचबी_वर्ष_अकरा

बाहेर कशाला, पावसाचे दिवस आहेत. आत बसा, लांबच्या टेबलावर. चहा स्वस्त असतो.